मोठ्या मूर्तीची आखणी

पेणच्या कारखान्यात गणपतीला रंग कुणीही लावतं, पण डोळे सगळ्यांना काढता येत नाहीत. बुबुळ आणि पापणीची बारीक रेघ ओढायचं काम शेवटी राहतं, त्याला आम्ही आखणी म्हणतो. आखणी झाली की मूर्ती आपल्याकडे बघायला लागते. जगनशेठच्या कारखान्यात शेठचे केस काळे होते तेव्हापासून त्या कामाला एकच हाक जायची, सीताबाईला. म्हणजे मला.

मग शेठच्या घरात सून आली, मृणाली. रोह्याला नदीपलीकडे अष्टमी गावात तिचं माहेर. चित्रकलेची कसलीशी परीक्षा दिलेली. पहिल्या वर्षी माझ्या शेजारी बसून पाटीवर रेघा ओढायची आणि काकी बरोबर आहे का म्हणून दर रेघेला विचारायची. दुसऱ्या वर्षी तिने विचारणं सोडलं, कारण बरोबरच असायचं. गिऱ्हाइकं तिने आखलेल्या मूर्तीपुढे थांबायची आणि माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? मीच शिकवलं आणि माझ्याच डोक्यावर मिऱ्या वाटायला बसली, असं वाटायचं.

त्यात यंदा माझ्यामागे साडेसाती लागल्यासारखं झालं. रंगाचा डबा लवंडला. दाराच्या चौकटीला खांदा आपटला. माझी खात्री होती की ही पोरगी मुद्दाम माझ्या वाटेत वस्तू ठेवते. श्रावणात एकदा उठताना डावं कोपर लागून तयार मूर्तीचा हात मोडला. ही इथे कुणी ठेवली म्हणून मी तोंड सोडलं. मूर्ती सकाळपासून तिथेच होती म्हणे. त्याच संध्याकाळी शेठ म्हणाले, मंडळाची मोठी मूर्ती यंदा मृणाली आखेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मोठी मूर्ती म्हणजे कारखान्याचं नाक. ती ज्याने आखली, त्याचं नाव वर्षभर निघतं. घरी जायला निघाले तर मृणाली मागून आली.

"काकी, रागावू नका. माझ्या आप्पांचं असंच सुरू झालं होतं. बाजूचं दिसत नव्हतं आणि त्यांनाच ते कळत नव्हतं. काचबिंदू निघाला. तुम्ही एकदा डोळे दाखवून या."

"पापणीची रेघ मी ओढते गो, न् माझेच डोळे खराब? तुला मोठी मूर्ती हवी हाय, तर तसं सांग ना."

ती मागे वळून कारखान्यात गेली. मला बरं वाटलं.

आमच्यात नजर गेली की नाही हे रेघेवरून ठरतं. रेघ हलली की चष्मा लावायचा, दुसरी परीक्षा कुणी करत नाही. माझी रेघ केसभर हलत नव्हती. तेव्हा डॉक्टरकडूनच वदवून घ्यायचं आणि ते तिच्या तोंडावर मारायचं, असं मी ठरवलं. पेणच्या डॉक्टरकडे गेले असते तर तिला शंका काढायला जागा राहिली असती. म्हणून मुद्दाम रोह्याला, तिच्याच बापाच्या डॉक्टरकडे गेले. माझा मुलगा विशाल तिथेच जवळ धाटावला कंपनीत आहे, शिफ्टला जाताना त्याने मला दवाखान्याच्या दारात सोडलं.

भिंतीवरची अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. उठायला लागले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबा, डोळ्याचा दाब जास्त आहे, अजून एक तपासणी करू. एका पांढऱ्या घमेल्यासारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवायला लावली. समोर बघत राहायचं आणि कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. थोडे दिसले, मी दाबलं. मग बराच वेळ काहीच दिसेना. मी म्हटलं, ताई, तुमचं मशीन बंद पडलंय.

"चालू आहे, आजी," नर्स म्हणाली. "ठिपके येतायत."

मी डोळे फाडून त्या घमेल्यात बघत राहिले.

कागद निघाला त्यावर डाव्या अंगाला सगळा काळोख छापलेला. बाईंनी नीट समजावलं. दाबाने डोळ्याची नस सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेचं जातं आणि समोरचं शेवटपर्यंत चांगलं राहतं, म्हणून माणूस दवाखान्यात येतच नाही. गेलेलं परत येणार नाही, ऑपरेशननेसुद्धा नाही. उरलेलं राखायचं तर सकाळ-संध्याकाळ थेंब, जन्मभर, एकही दिवस न चुकवता. विशालला आणि माझ्या भावंडांनाही तपासायला सांगितलं, हे घराण्यात चालतं म्हणून.

मी आखणीचं विचारलं. बसून लहान मूर्ती करा म्हणाल्या. पण परांचीवर चढायचं नाही, कडेला पाय कुठे पडेल ते तुम्हाला दिसणार नाही. मोठी मूर्ती परांचीवर चढल्याशिवाय आखता येत नाही. ती माझ्या हातची गेली.

कारखान्यात कुणाला सांगणार नव्हते. पण थेंब काही डोळ्यात जाईना. एक गालावर, एक कपाळावर, एक थेट कानात. बाटली समोर आली की पापणी आपोआप मिटायची. विशाल सकाळी पहिल्या शिफ्टला गेलेला. अर्धी बाटली अशीच वाया गेली आणि मी घाबरले. असंच चाललं तर उरलेलंही जाईल, मग लहान मूर्तीही नाही.

शेवटी बाटली घेऊन मृणालीसमोर उभी राहिले. ती परांचीवर चढायच्या बेतात होती, मोठ्या मूर्तीचं पहिलं बुबुळ काढायला. मला वाटलं, आता बोलेल, मी सांगितलं होतं म्हणून. तिने फक्त ब्रश खाली ठेवला. हात धुतले, पुसले, मला पाटावर बसवलं.

"मान मागे घ्या, काकी. वर बघा. माझ्याकडे नका बघू."

तिने एका बोटाने माझी खालची पापणी हलकेच ओढली. थेंब बरोबर आत पडला. मग दुसऱ्या डोळ्यात. तिचा हात जरासुद्धा थरथरला नाही, आणि डोळे मिटून बसले तरी मला तिचा हेवाच वाटत राहिला.