रविवारचं एकासणं

पंचवीस वर्षं झाली माह्या लग्नाले. या पंचवीस वर्षांत मी घरच्यांसंगं बसून गरम जेवली असन, तर नाव बदला माह्यं. सगळ्यांचं आटपलं की ओट्याजवळ उभ्या उभ्या जे उरलं ते तोंडात टाकायचं, झालं जेवण. म्हणून अर्पितनं पुण्याहून फोन केला की मम्मी, तुमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाले रविवारचा ब्रंच बुक केला, तू नुसती बसून गरम गरम खाय, तव्हा मले खरंच लय आनंद झाला. कारंज्याच्या बाहेर, कामरगाव रोडवर कापसाच्या जुन्या जिनिंगच्या जागेत नवीन हॉटेल झालं, तिथंच. मी एकच ठरवलं. बसायचं, खायचं, अन् कोणासाठी उठायचं नाई.

पण माह्या सासूबाई भागिरथीबाई. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठराचा. त्यांनी नातवाले विचारलं, ब्रंच म्हंजे काय रे बाबू? तो म्हणाला, आजी, नाश्ता अन् जेवण एकातच, दिवसाचं एकदाच. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, मंग तर माह्यं एकासणं त्यात बरोब्बर बसते.

आता एकासणं म्हंजे आमचं जैनांचं व्रत, दिवसातून एकदाच जेवायचं, एकाच जागी बसून. एकदा बसलं की बूड हलवायचं नाई. उठलं की जेवण संपलं, मंग दुसऱ्या दिवशी सकाळीच. पाणी प्यायचं तेबी उकळलेलं. मी समजावून सांगितलं की आई, हॉटेलात आपल्या हातानं घ्यावं लागते, घडी घडी उठून. त्यांनी माह्याकडं पाह्यलं अन् म्हणाल्या, तू हायेस न. संपली माह्यी सुट्टी.

रविवारी पाच वाजता उठून पाणी उकळलं, गार केलं, बरणीत भरलं. त्यांचं ताट, वाटी, पेला धुऊन पिशवीत घातला. त्या धावपळीत मी चहा तर सोडा, पाण्याचा घोट बी घेतला नाई.

हॉटेलात पाय ठेवल्याबरोबर सासूबाई दाराजवळच्या पहिल्याच खुर्चीवर बसल्या, हात जोडले, डोळे मिटले. झालं, आसन लागलं. तितक्यात मॅनेजर आला, मदनसिंग नावाचा, कोट घातलेला. म्हणे हे टेबल राखीव हाय, तुमचं आतमधी. मी म्हटलं, त्या उठू शकत नाईत. त्यानं विचारलं, पायाचा त्रास हाय का, व्हीलचेअर आणू का? आता याले एकासणं कसं समजवावं? माह्ये मालक, सन्मतीशेठ, कापडाचे दुकानदार, दिवसभर शंभर गिऱ्हाइकांसंगं बोलतात, पण इथं मेनू कार्डात तोंड घालून बसले. शेवटी ज्यांचं टेबल ते दौलतराव आले, धनज गावचे कास्तकार. त्यांनी म्हातारीकडं पाह्यलं अन् काही न विचारता आतमधी जाऊन बसले. मले वाटलं, सुटली एकदाची. कायची सुटते.

पहिल्या खेपेले उपमा आणला. पाटी लावली होती 'जैन'. सासूबाईनं चमच्यानं उकरून त्यातून गाजर काढलं. मी परत गेली. आचारी म्हणे, ताई, कांदा-लसूण नाई न त्यात. मी म्हटलं, जमिनीखालचं बी चालत नाई, गाजर काय झाडाले लागते का बापा? मंग ढोकळा नेला, तो गोड लागला. इडली नेली, ती गार होती. पाणी ओतून दिलं तर मॅनेजर पुन्हा हजर, म्हणे बाहेरचं पाणी चालत नाई. त्याच्याशी भांडून येत नाई तर मालक म्हणाले, त्रिशला, येता येता मले बी दोन कचोऱ्या आनजो. पुण्याहून आलेला अर्पित पॅनकेकचे फोटो काढून राह्यला होता. मान वर न करता म्हणाला, मम्मी, तू बस न.

मी सात खेपा मोजल्या. आठव्या खेपेले ताट टेबलावर ठेवलं अन् सासूबाईच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"मी बी एकासणं घेतलं," मी म्हटलं. "आता मी उठत नाई."

अर्पितनं पहिल्यांदाच मोबाईल खाली ठेवला. मालक हसले, म्हणे मजाक नोको करू. पण सासूबाई हसल्या नाईत. सकाळपासून काही खाल्लं का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाणी बी नाई. त्यांनी मान हलवली, हात जोडले अन् तिथंच, त्या कचोऱ्यांसमोर, मले पच्चक्खाण, म्हंजे व्रत घ्यायचा पाठ, म्हणून दिलं, पक्कं, पूर्ण. मंग आपल्या पोराकडं वळून म्हणाल्या, ऊठ, बायकोले वाढून आन.

सन्मतीशेठ उठले. रिकामी प्लेट घेऊन काउंटरांसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. पाच मिनिटं तरी गेली असतीन. मंग तशीच रिकामी प्लेट घेऊन माह्यासमोर उभे राह्यले.

"तुले काय आवडते व?"

माह्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस इंझोरी गावच्या गिऱ्हाइकाच्या बायकोले कोणत्या काठाचं लुगडं आवडते ते झोपेत सांगते! मी बोलाले तोंड उघडलं, अन् मलेच आठवेना. यांना काय आवडते, पोराले काय, सासूबाईले काय चालते, काय नाई, सगळं पाठ. माह्यं मलेच सांगता येईना. मेली लाज वाटली मले.

"तिले तव्यावरची पहिली पोळी लागते," सासूबाई म्हणाल्या. त्या ताटातच पाहत होत्या. "कडक, तूप लावलेली. लग्न होऊन आली तव्हा पहिल्या आठवड्यात चोरून खात होती. मी पाह्यलं. मंग तिनं सोडून देली."

म्हंजे सासूबाईले माहीत होतं. पंचवीस वर्षं माहीत होतं, अन् पंचवीस वर्षं ती पहिली पोळी यांच्याच ताटात पडत होती. मले असा संताप आला की काय सांगू.

"मंग कधी म्हटलं काहून नाई तुमी?"

त्यांनी घास चावला, गिळला, उकळलेल्या पाण्याचा घोट घेतला.

"मले बी माह्या सासूनं कधी म्हटलं नाई," त्या म्हणाल्या.

मालक पोळीच्या काउंटरकडं अक्षरशः पळाले. तिथल्या बाईनं करून देली, कडक, तूप लावून. मी खाल्ली. गरम होती, बोटं भाजत होती. संपली तशी दुसरी मागितली. मंग तिसरी. अर्पित एक घेऊन आला, मालक एक घेऊन आले. मी कोणाले बस म्हटलं नाई अन् कोणाले थँक्यू बी म्हटलं नाई. मदनसिंग पलीकडचे टेबलं पुसून राह्यला होता, दौलतरावांची मंडळी केव्हाच निघून गेली होती.

सासूबाईचं ताट धुतल्यावाणी चाटूनपुसून झालं होतं, कधीचंच. पण मी खात होती म्हणून त्या उठल्या नाईत. मी अजून एक पोळी सांगितली.