देवघरातला डबा

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतली मी नव्हे. मे महिन्यात रायपुरात धुळीचं अंधड सुटतं, चौबे कॉलनीतली वीज तासन्‌तास जाते आणि माझ्या सासूबाईंना दमा आहे. म्हणून मी पत्र्याचा एक डबा भरून ठेवला. टॉर्च, मेणबत्त्या, ग्लुकोज आणि दम्याचा नवाकोरा पंप. तो ठेवायचा कुठे, यावर घरात बरीच खलबतं झाली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "देवघरात ठेव. अंधारातही तिथं हात बरोबर जाते." मला पटलं. नवऱ्यालाही पटलं. शहाण्यांचं घर आमचं! देवश्रीचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही.

देवश्री आमची मुलगी, तेरा वर्षांची. गेल्या वर्षी तिची पाळी सुरू झाली आणि सासूबाईंनी नियम घातला, त्या दिवसांत देवघराचा उंबरा ओलांडायचा नाही. मी भांडले, मग रोजची कटकट नको म्हणून गप्प बसले.

त्या संध्याकाळी नवरा दौऱ्यावर होता आणि मी शिकवते त्या अभनपूरच्या शाळेतून सुट्टीतलं काम आटोपून परतत होते. वाटेतच अंधड आलं. वीज गेली, फोनही लागेना. घरात आजी-नात दोघीच, आणि देवश्रीला पाळी आलेली. मी दार ढकललं तर सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या, ओठ निळे पडलेले, रोजचा पंप रिकामा होऊन शेजारी पडलेला. पोरगी देवघराच्या उंबऱ्याशी उभी. तिनं आत पाऊल टाकलेलं नव्हतं. मी चपलांसकट आत घुसले, डबा उघडला आणि नवा पंप सासूबाईंच्या तोंडाला लावला.

त्या वाचल्या, पण दवाखान्यात ठेवावं लागलं. इकडे देवश्रीच्या घशाखाली घास उतरेना.

"मम्मी, मैंने पूछा था, अंदर जाऊँ क्या? आजी ने हाथ हिलाया. हाँ था कि ना, समझ में ही नहीं आया."

मला सासूबाईंचा असा संताप आला होता की बोलले असते तर दवाखाना गोळा झाला असता. तिला घेऊन तिथे गेले आणि तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी नातीला जवळ बोलावलं.

"मी नाही म्हटलं होतं, बेटा. आत जाऊ नको म्हटलं. तू माझं ऐकलं. तुझी काही चूक नाही."

देवश्री त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली. मग दौऱ्यावरून परतलेल्या बाबांबरोबर खाली गेली आणि पोटभर जेवली.

ती गेल्यावर मला राहवेना. "जीव जात होता, आई, तरी नाहीच म्हणालात?"

सासूबाईंनी आधी दाराकडे नजर टाकली. मग म्हणाल्या, "जा म्हणून राहिली होती मी तिले. देवघरात जा, लवकर पंप आण. आवाजच निघेना." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "पण पोट्टीले कधी सांगू नको. जन्मभर स्वतःलेच दोष देईल."

म्हणजे मरणाच्या दारातही जिनं सोवळं सोडलं नाही ती आजी, अशीच देवश्री त्यांना ओळखणार. आणि मी काही बोलायचं नाही. मी त्यांचा हात धरून ढसाढसा रडले.