वकीलबाईची प्रार्थना

“बाई, तुमचा उद्धार झालाय का?”

भाचीने हा प्रश्न टाकला तेव्हा गिऱ्हाईक बाई स्टुलावर उभी होती. एक बाही टाचलेली, दुसरी अजून टेबलावरच. मावशीच्या ओठांत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे तिला धड ओरडताही येईना. बाई बिचारी गोंधळली. “झालाय बहुतेक,” ती म्हणाली, “पण कमरेत अजून जरा सैल हवंय.”

ती गेल्यावर मावशीने भाचीला फैलावर घेतलं. “अगं, माणूस मापं द्यायला आलंय. त्याला हलता येत नाही, पळता येत नाही. अशा वेळी गाठतेस होय त्याला?”

“प्रभूचं काम काय वेळ बघून करायचं, मावशी?”

“टाचण्या लावलेल्या असताना तरी नको गं बाई!”

आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की मावशीला एकटीलाच हसू फुटतं. काय पोर होती! कॉलेजसाठी म्हणून बहिणीने तिला मावशीकडे ठेवलं, आणि त्याच वर्षी पोरीने बाप्तिस्मा घेतला. पाण्यात भिजून आली ती पेटूनच आली. आरशावर बायबलची वचनं चिकटवली, कपाटावर चिकटवली, एक तर थेट शिलाई मशीनवर. ते कापडात अडकायचं आणि मावशी देवाची क्षमा मागून उपटून काढायची. जेवणाआधीची प्रार्थना म्हणजे तर विचारू नका. पोरगी देवाला एकेक मुद्दा असा समजावून सांगायची की मावशीने तिचं नावच वकीलबाई ठेवलं. “वकीलबाई, आटपा आता, ताटातलं गार झालं,” असं ती म्हणायची. पोरगी आधी फुगायची, मग खुदकन हसायची. नवरा गेल्यापासून त्या घरात मशीनशिवाय कुणाचा आवाज नव्हता, तिथे आता दिवसभर किलबिल सुरू झाली होती. मावशी वरवर कुरकुरायची, पण मनातून सुखावली होती.

मावशीची स्वतःची भक्ती साधी. चर्चमध्ये उपासनेला शेवटच्या बाकावर बसायचं, हळू आवाजात गायचं, घरी यायचं. मंडळीतल्या बहुतेक बायका तिच्याकडूनच कपडे शिवून घ्यायच्या. कुणाचं पोट सुटलंय, कुणी दुःखाने वाळत चाललीय, कुणाच्या लेकीचा लग्नाचा झगा ऐनवेळी कमरेत का वाढवावा लागला, हे सगळं तिच्या टेपला ठाऊक होतं. टेप गुंडाळली की विषय संपला. यात काही मोठेपणा आहे असं तिला कधी वाटलंही नाही.

एका दुपारी तिला सुईत दोरा ओवता येईना. पुन्हा पुन्हा चुकली. भाची समोरच बसून बघत होती. मग मावशीने मशीनवरचा हात काढला आणि तिला सांगून टाकलं. डोळ्यांच्या आतला पडदा झिजत चाललाय, औषधाने जितका थांबेल तितका थांबेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

“कुणाला बोलू नकोस हं. हा नवरीचा झगा हातात आहे ना, गळ्यावर मण्यांचं काम आहे, एवढा एक मला माझ्या हाताने पुरा करायचाय. उजेडात बसलं की जमतं अजून. यानंतर मग मीच सांगेन सगळ्यांना.”

भाची तिच्या गळ्यात पडून रडली. “मरेन पण बोलणार नाही,” म्हणाली.

शनिवारी चर्चच्या तरुण संघाची प्रार्थनासभा होती. तिथे पाळीपाळीने सगळ्यांनी मोठ्याने प्रार्थना करायची पद्धत. भाचीची पाळी आली आणि पोरीचा ऊर भरून आला. “प्रभू, माझ्या मावशीचे डोळे वाचव. तिला सुईसुद्धा दिसत नाही रे प्रभू. ती कुणाला सांगत नाही, एकटी सोसते...” सगळे गहिवरले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. संघाच्या पुढाऱ्याने तर तिची पाठ थोपटली. आमेन म्हणणाऱ्यांत त्या झग्याच्या नवरीची धाकटी बहीणही होती.

सोमवारी नवरीची आई फळांची पिशवी घेऊन आली. मावशीची नजर पिशवीवरच खिळली. झग्याचं विचारायला येणारं माणूस फळं कशाला आणेल?

“तुम्ही आता आराम करा, मावशी. आम्ही सगळे प्रार्थना करतोय तुमच्यासाठी.”

“कशाबद्दल?”

“डोळ्यांबद्दल हो.”

“गळाच तेवढा राहिलाय. दिसतं मला अजून.”

नवरीच्या आईने तिचा हात थोपटला. भली बाई होती, वाईट काहीच बोलली नाही. मावशीने झगा स्वतःच्या हाताने घडी घालून, पातळ कागदात गुंडाळून दिला. उरलेले मणी पुडीत बांधून दिले. दार लावलं आणि खुर्चीत मटकन बसली.

संध्याकाळी भाची आली. मावशीने विचारलं, “बोललीस तू?”

“नाही गं! कुणालाच नाही. फक्त प्रार्थनेत...” आणि पोरगी तिथेच थांबली. चेहरा पांढराफटक पडला.

“हळू बोललेलं देवाला ऐकू येत नाही का गं? माझं दुःख होतं ते. तू ते उचलून नेलंस आणि छान प्रार्थना केलीस.”

भाची हुंदके देत म्हणाली, “येत्या शनिवारी सगळ्यांसमोर उभी राहून चूक कबूल करते.”

“खबरदार! जे त्या दिवशी आले नव्हते त्यांनाही कळू दे, असं म्हणायचंय का तुला?”

मग घर गप्प झालं. पोरगी जेवायच्या आधी मान खाली घालायची, अवाक्षर न बोलता वर करायची. आरशावरची वचनंही तिने काढून टाकली. आधी मावशी रागाने आतून धुमसत होती. पण त्या रिकाम्या आरशाकडे बघून तिला भीती वाटू लागली. झगा गेला तो गेलाच. पण माझ्या रागापायी ही पोर विझली तर? देवाला मी काय तोंड दाखवू?

“वकीलबाई,” एका रात्री ताटावर बसल्यावर ती म्हणाली, “कोर्टाला सुट्टी आहे का?”

भाचीने हातातला घास ताटात परत ठेवला. “काय बोलावं तेच कळत नाही, मावशी.”

“मग तेच सांग की त्याला.”

“प्रभू, काय बोलावं कळत नाही. आमेन.”

त्या दिवशी दोघी गरम जेवल्या.

पुढे रोज कॉलेजला जाण्याआधी भाची वेगवेगळ्या रंगांचे दोरे ओवून सुया उशीत टोचून ठेवू लागली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मावशीनेही विचारलं नाही. लग्नाला दोघी गेल्या. दुसऱ्या कुणी पुरा केलेला गळा एका बाजूला चुण्या पडून ओढला गेला होता. मावशीला तेवढं बरोबर दिसलं. तेवढ्यात मागे एक बाई भाचीच्या कानाशी लागली. “किती दिसतं गं आता तुझ्या मावशीला?”

“ती इथेच बसलीय ना,” भाची हसून म्हणाली, “तिलाच विचारा.”

मावशीने मागे वळून पाहिलं नाही. पण त्या दिवशी ती गाण्यात जरा मोठ्याने गायली.

आता मावशीला उजेड आणि सावल्या तेवढ्या कळतात. मशीन गल्लीतल्या एका होतकरू पोरीला देऊन टाकलं. भाची शिकून नोकरीला लागली, पण मावशीला सोडून गेली नाही. तरुण संघ आता तीच बघते, आणि पोरीबाळी आपली गाऱ्हाणी घेऊन घरी येतात.

आज संध्याकाळी अशीच एक कोवळ्या आवाजाची मुलगी रडत आली. भाचीने तिला आतल्या खोलीत नेलं. डोळे गेले तसे मावशीचे कान तिखट झालेत. “घरी कळलं तर ताई...” एवढं ऐकू आलं आणि मावशी खुर्चीतच पुढे सरकली. आतून पावलं आली, दारापाशी थांबली, आणि भाचीने दार हळूच लावून घेतलं.

बऱ्याच वेळाने मुलगी गेली. जाताना रडत नव्हती.

“काय झालं गं तिला?” मावशीने विचारलं.

“गारठा पडलाय, मावशी. शाल देऊ?”

“अगं, मी कुणाला सांगणार आहे? जन्मभर कुणाचं काही बोलले का मी?”

“नाही बोललीस. शाल देऊ ना?”

मावशीला क्षणभर रागच आला. आपलंच घर, आपणच सांभाळलेली पोर, आणि आपल्याच तोंडावर दार! मग तिला ती शनिवारची प्रार्थना आठवली.

“दे,” ती म्हणाली.

भाचीने खांद्यावरून शाल पांघरली, तेव्हा मावशीने तिचा हात जरा वेळ धरून ठेवला.