दुधातून जातं का?

तूबानं सकाळपासून तिसऱ्यांदा बोट टोचून घेतलं, तेव्हा पोळी लाटता लाटता फरीदाचा हात थांबला.

"किती हाय?"

"अठ्ठ्याण्णव."

"मग चांगलंच हाय की."

"आज हाय, अम्मी. उद्याचं कोण बघितलंय?"

साखर मोजायचं मशीन यासेरचं होतं. बहीणभाऊ दोघंही बारावीला. लातूरला क्लास लावायचा म्हणून फरीदानं नांदेडचं घर नवऱ्यावर, लालमहंमदवर, सोडलं आणि इथं एक खोली घेऊन पोरांच्या भाकरी-पोळ्या भाजत बसली. त्या गल्लीत घरोघरी अशाच आया होत्या. नवरे गावाकडं, आया लातुरात आणि पोरं पुस्तकात.

हिवाळा सरता सरता यासेर वाळत चालला. घागरीनं पाणी प्यायचा. अभ्यासाची उष्णता झाली, असं सगळी गल्ली म्हणाली. फरीदानं उष्णतेवर सब्जाचं सरबत दिलं, तेही चांगलं दोन चमचे साखर घालून, रोज. मग एक दिवस पोरगं क्लासात बाकावरच कोसळलं. ते सरबत तिला अजून घशाशी येत होतं.

दवाखान्यात डॉक्टर शिवमूर्तींनी रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर समजावून सांगितलं. ही म्हातारपणाची साखर नव्हे. अंगातले पहारेकरी घरच्याच माणसाला चोर समजून मारतात, तसलं हे. त्या पहारेकऱ्यांच्या खुणा म्हणजे अँटीबॉडी, त्या यासेरच्या रक्तात सापडल्या. आता जन्मभर इन्सुलिन. आणि मग त्यांची नजर तूबाकडं गेली होती.

"ही जुळी बहीण ना? सख्ख्या भावंडांना धोका जास्त असतो. हिचंही रक्त तपासून घ्या. आज साफ आलं तरी मधून मधून बघत राहावं लागेल."

त्या दिवसापासून तूबाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पुस्तक उघडायची, मिटायची. पाणी प्याली की किती प्याले ते आठवत बसायची. ताटात चिवडल्यासारखं करायची आणि भूक नाही म्हणायची. तपासणीला "उद्या जाऊ" म्हणायची, आणि उद्या आला की परत उद्या. सीईटी तोंडावर आलेली.

फरीदाची तगमग मात्र वेगळीच होती. एका वाक्यात ती पोरीचा घोर मिटवू शकली असती. तू आमच्या रक्ताची नाहीस, एवढंच तर म्हणायचं होतं.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा यासेर मांडीवर होता. लालमहंमद गाद्या भरायचा. त्याच धंद्यातला त्याचा जोडीदार तिकडच्या एका खेड्यात राहायचा. त्याला बघायला म्हणून हा गेला. घर नव्हतं, माणसं नव्हती. ढिगाऱ्यातून निघालेली जोडीदाराची तान्ही पोर तेवढी हाती लागली. तिला गोधडीत गुंडाळून तो कंधारच्या घरी आला, तेव्हा रडून रडून तिचा आवाज बसला होता. फरीदानं काही विचारलं नाही. यासेरला एका बाजूला घेतलं, तिला दुसऱ्या. पुढं सगळे नांदेडला राहायला आले. नव्या गल्लीत कुणी म्हणालं, जुळी का? फरीदा हाव म्हणाली. शाळेतही तेच लावलं.

खोटं बोलल्यासारखं तिला कधी वाटलंच नाही. त्यांच्यात एका छातीचं दूध प्यालेली पोरं सख्खी भावंडंच, त्यांचा आपसात निकाहसुद्धा होत नाही. दूध म्हणजे रक्तच. आणि तिथंच तिचं घोडं अडलं होतं. दूध जर रक्तासारखं असेल, तर दुधातून हेही गेलं असेल!

फोनवर लालमहंमद म्हणाला, "इतकी वर्षं झाकलं, आता उघडून काय भेटणार? गप बस."

त्याला काय जातंय गप बस म्हणायला! पोरगी डोळ्यांदेखत सुकत होती ती फरीदाच्या.

दुपारी पोरं क्लासला गेल्यावर तिनं बुरखा घातला आणि दवाखाना गाठला.

"साहेब, एका बाईचं विचारायचं होतं. आमच्या शेजारची हाय." अशा वेळी सगळ्या बायका शेजारणीचंच विचारतात, आणि सगळ्या डॉक्टरांना ते कळतं. "तिनं दुसऱ्याच्या पोरीला दूध पाजलं. तिच्या पोराला हीच बिमारी हाय. दुधातून जातं का हे?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नाही. दुधातून काही जात नाही."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही. त्या मुलीला चारचौघींइतकाच धोका. तिला तपासणीची गरज नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "शेजारणीला सांगा, काळजी करू नका."

सुटलो बाबा, म्हणायला हवं होतं. पण जिना उतरताना ती मधल्याच पायरीवर बसली. काहीच जात नाही. रात्र रात्र मांडीवर घेऊन पाजलं, त्यातून काहीच गेलं नाही? तिला डॉक्टरांचा राग आला. मग स्वतःचा आला. बिमारी जाऊ नये पण नातं जावं, असं कुठं निवडून मागता येतं?

संध्याकाळी यासेर नमाजाला गेला. तूबा पुन्हा मशीन काढून बसली. फरीदानं तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं, भूकंपापासून डॉक्टरांपर्यंत. मध्ये थांबली असती तर पुन्हा बोलायची हिंमत झाली नसती.



"म्हणून तुला हे होणार न्हाई, बेटा. तपासायची गरजच न्हाई," फरीदा रडत म्हणाली.

"यासेरला माहीत हाय?"

"न्हाई."

"मग त्याला काय सांगायचं? का तपासून घेतलं न्हाई म्हणून?"

याचा विचार फरीदानं केलाच नव्हता. तेवढ्यात चप्पल वाजली. यासेर आत आला. बहिणीचे डोळे बघून त्याचा चेहरा पडला.

"परत तेच रडून राहिली का? सगळं माझ्यामुळं. चल ना उद्या. मी येतो संगं. एकदा साफ आलं की मलाबी झोप लागंल."

तूबानं त्याच्याकडं बघितलं. मग फरीदाकडं.

"जाऊ उद्या," ती म्हणाली.

सकाळी तिघं लॅबमध्ये गेले.  गरज नसताना पोरगी सुई टोचून घेणार, आणि तिला अडवायला फरीदाला तोंड नाही. यासेर दारात येरझाऱ्या घालत होता. रक्त घेणाऱ्या बाईनं तूबाच्या दंडाला पट्टा बांधला.

"बीमार कोण आहे? नातं काय?"

फरीदा बाकावरून अर्धी उठली.

"भाऊ हाय. जुळा," तूबा म्हणाली. "एका आईचं दूध प्यालोय."

सुई आत गेली. नळी भरली. कापसाचा बोळा दाबत ती बाकावर फरीदाला खेटून बसली. 

"अम्मी," मग ती म्हणाली, "भूक लागली."