आधी बास येऊ दे

घोडबंदर रोडवर अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या राजरत्नला एखादी वस्तू निवडायला जितका वेळ लागतो, तितक्यात लोकांची लग्नं जमतात, होतात आणि मोडतातही. कूलर कुठला घ्यावा हे त्यानं ठरवलं तेव्हा पावसाळा निम्मा सरला होता. अशा माणसानं आईचं गाणं घरीच रेकॉर्ड करायचं मनावर घेतलं.

कारण खरं होतं, त्यात चेष्टेला जागा नाही. त्याची आई माया ठाकुर्लीला राहायची. तिच्या गळ्यात गाठ आली होती आणि चौदा एप्रिलची जयंती झाली की ऑपरेशन करायचं ठरलं होतं. आवाज पहिल्यासारखा राहीलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. राजरत्नच्या वडिलांनी, शिवरामांनी, गायनपार्टीसाठी बांधलेलं एक गाणं आता तिच्या एकटीच्या गळ्यात उरलं होतं. ‘फुटक्या पाटीवर माझ्या अक्षर उगवलं, बाबा.’ वडील गेले, पार्टी पांगली, जयंतीला डीजे आला, आणि मायाला गायला सांगणारं कोणी राहिलं नाही. ऑपरेशनच्या आत ते गाणं टिपून ठेवायचं, एवढंच काम होतं.

माइक आला. लॅपटॉपला जोडायची डबी आली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या लटकल्या. पण बासशिवाय, म्हणजे खालच्या भरदार सुरांशिवाय, गाणं पोकळ वाटतं, असं राजरत्ननं कुठंतरी ऐकलं आणि घोडं तिथंच अडलं. बास गिटार म्हणजे पुरुषभर लांब. त्याच्या बायकोनं, दर्शनानं, निक्षून सांगितलं, “दारामागे मावेल तेच आण.” म्हणून बास युकुलेले, म्हणजे तसाच खालचा सूर देणारी हातभर गिटार. दिसायला खेळणं, तारा रबरासारख्या जाड आणि आवाज थेट पोटातला. राजरत्नला ती वाजवता येत नव्हती, पण तो प्रश्न नंतरचा.

मग सुरू झालं. पोकळ घ्यायची की भरीव? महोगनीची की आणखी कसल्या लाकडाची? रबरी तारांना बोट चिकटतं, धातूच्या तारा करकरतात. यूट्यूबवरचा एक दाढीवाला मास्तर म्हणायचा, दांडीवर पडदे नसलेलीच घ्या. दुसरा दाढीवाला म्हणायचा, नवशिक्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. राजरत्न दोघांपुढेही मान डोलवायचा. संध्याकाळी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की उलट त्याला बरं वाटायचं, कारण आणखी एक व्हिडिओ बघून व्हायचा.

माया दर रविवारी यायची. पाणी पिऊन झालं की विचारायची, “गाऊ का रे?”

“थांब आई. आधी बास येऊ दे.”

“अरे, फोनवर तरी घेऊन ठेव,” दर्शना म्हणायची.

“फोनवर? फ्रिजचा आवाज येतो त्यात.”

“मग फ्रिज बंद कर ना.”

विहारात कोणी चपला घालून शिरल्यासारखं तो तिच्याकडे बघायचा. माया स्वयंपाकघरात जायची आणि भाकऱ्या थापता थापता तेच गाणं म्हणायची. बाहेर तिचा लेक कानांवर हेडफोन चढवून तारांची तुलना ऐकत बसलेला असायचा.

एकदा तो शीळफाट्याची कोंडी सोसून कल्याणला गेलाही. तिथं साईनाथ नावाचा माणूस जुनी वाद्यं विकायचा. त्याच्याकडची युकुलेले हातात धरताच राजरत्नला पसंत पडली.

“घेऊन जा भाई. हिच्यापेक्षा चांगली नाय मिळणार,” साईनाथ म्हणाला.

इथंच माशी शिंकली. ‘हिच्यापेक्षा चांगली’ हे शब्द कानावर पडले, की तशी एखादी कुठंतरी असणारच, अशी राजरत्नची खात्री पटते. “विचार करून सांगतो,” म्हणून तो परतला. विचार पुरा होईपर्यंत ती युकुलेले विकली गेली होती.

जयंती झाली. ऑपरेशन थोडं पुढं ढकलता येईल का, असं त्यानं डॉक्टरांना विचारून पाहिलं. कशासाठी, असं त्यांनी विचारल्यावर मात्र त्याला खरं कारण सांगवेना. शेवटी ऑनलाइन मागवलेलं खोकं दारात आलं, तेव्हा माया हॉस्पिटलात भरती झालेली होती.

गाठ साधी निघाली. माया वाचली, खडखडीत बरी झाली. आवाज मात्र जाड आणि खरखरीत झाला. वरचा सूर लावायला गेली की नुसती हवा यायची.

बरी झाल्यावर ती पहिल्यांदा ठाण्याला आली तेव्हा राजरत्नला तिच्याकडे बघवेना. लाज वाटत होती, रडूही येत होतं. दारामागे बास युकुलेले उभी होती. निवड उत्तम होती, हे कबूल करायलाच हवं.

“आता तू म्हण,” माया म्हणाली.

“मला कुठं येतंय आई?”

“शब्द मी सांगते.”

तिनं शब्द सांगितले. तो आठवेल तसं गाऊ लागला. तिनं मान हलवली. त्यानं चाल बदलली. तिनं पुन्हा मान हलवली. तिनं हात वर नेला तसा त्यानं सूर वर नेला, तो भलताच वर गेला. लहानपणापासून कानांवर पडलेलं गाणं, पण राजरत्ननं ते कधी ऐकलंच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ‘अक्षर’ या शब्दापर्यंत पोचले. ‘उगवलं’पाशी गाडी अडली. तिथं शिवराम काय करायचे हे मायाला पक्कं ठाऊक होतं. तिनं एकदा गाऊन दाखवायचा प्रयत्न केला. हवाच आली.

“असं नव्हतं, एवढं कळतंय मला,” ती म्हणाली. “पुन्हा म्हण.”

त्यानं पुन्हा म्हटलं. तेही नव्हतं ते.