उत्तराबाईंची तीन मिनिटं

२००५ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात शाळेच्या बोर्डाची सभा भरली. विज्ञानाच्या तासाला उत्क्रांतीबरोबर ‘देवाने सृष्टी घडवली’ हेही शिकवावं, असा प्रस्ताव होता. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं होती. निवृत्त डॉक्टर उत्तरा साने विरोधात बोलायला उठल्या.

“तुमच्या ब्रह्मदेवाची गोष्टही घेऊ की!” अध्यक्ष उदारपणे म्हणाले.

“ती नातीला मी घरी सांगते. तिथे ती पुरावा मागत नाही,” उत्तराबाई म्हणाल्या. “विज्ञानाच्या तासाला मात्र तिने पुरावा मागायलाच हवा.”

सभागृहात हशा पिकला आणि प्रस्ताव एका मताच्या फरकाने पडला.

अध्यक्षांचा चेहरा उतरला, तरी उत्तराबाईंसाठी दार उघडून धरत ते म्हणाले, “डॉक्टर, बोर्डाच्या निवडणुकीला तेवढ्या उभ्या राहू नका!”

उत्तराबाईंना हे तोवर सुचलंच नव्हतं. घरी पोचेपर्यंत त्यांचं ठरलंसुद्धा.