पट्टीखालचा गाळ

जंगलखात्याचे साहेब आले ते फॉर्म घेऊनच. "ताई, तुमच्या आकड्यांनी काम सोपं केलं. डाव्या उतारावरची झाडं तोडून दोन वर्षं झाली, तरी ओढ्याची पातळी जिथल्या तिथे. म्हणजे उजवा तोडायलाही हरकत नाही. इथे सही करा."

ओढ्यात रोवलेल्या आकड्यांच्या पट्टीवरची पातळी रोज वहीत लिहिणं माझं काम. दर आठवड्याला तिथला गाळ उपसणं आमच्या ह्यांचं. पण दोन वर्षं मी पट्टी पुलावरूनच वाचत होते. खाली उतरायची वाट निसरडी, आणि माझं वजन काही उतरायचं नाव घेत नव्हतं.

"सहीआधी एकदा बघून येते," मी म्हटलं.

"त्यात बघायचंय काय?" हे खुर्चीतून खेकसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

खाली गेले. पट्टी सांगत होती चाळीस. काठी घातली, तर चार बोटं पाणी, आणि पुढे ती मऊ मातीत रुततच गेली. पूर्वी इथला गाळ काळा असायचा, कुजल्या पानांचा. हा तांबडा. डावा उतार येऊन इथे बसला होता, आणि उरलंसुरलं पाणी त्याच्या खांद्यावर चढून उंची मिरवत होतं.

"शेवटचा गाळ कधी काढलात?" घरी येऊन ह्यांना विचारलं.

"गुडघा..." एवढंच म्हणाले. मग हळूच, "निवृत्तीला चार महिने राहिलेत गं. कर सही."

"सोमवारी तोडणारी माणसं येतायत," साहेब म्हणाले.

मी वही उघडली. शेऱ्यात लिहिलं: दोन वर्षांचे आकडे चुकीचे, पुलावरून वाचले. पुढे पेन अडलं.

हे लंगडत आले, वाकून वाचलं. "अर्धंच लिहिलंस. गाळ मी काढला नाही, तेही घाल. सगळं श्रेय एकटीच लाटणार का?"

साहेबांना हसू आलं नाही. "हे वर गेलं तर तुमचं दोघांचं काय होईल, कल्पना आहे?"

"नाही. पण नाही गेलं तर उजव्या उताराचं काय होईल, ते आत्ताच काठीनं मोजून आलेय."

त्यांनी वही काखेत मारली. बिनसहीचा फॉर्म घडी करून खिशात घातला.

ह्यांनी फावडं काढलं. तिसऱ्या फावड्यालाच काठावर बसले. मग मी घेतलं, आणि हे बसल्या जागी सूचना देत राहिले. दिवस मावळेपर्यंत पट्टी सदतीसवर आली. खरा आकडा अजून बराच खाली होता.